बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी: ढकलायची किती, ओढायची कशी, उचलायची कुठून

संध्याकाळी नाशिकच्या द्वारका सर्कलला गाडी बंद पडली की चार माणसं आपणहून मदतीला येतात. त्यांतल्या बहुतेकांचा हात मॅन्युअल गाडीवर बसलेला असतो, म्हणून सल्लेही तसेच येतात: 'दुसऱ्या गिअरला टाका, धक्का देतो' किंवा 'दोर आहे का, टोचन करू.' ऑटोमॅटिकला पहिला सल्ला निरुपयोगी आहे, आणि दुसऱ्यापायी गिअरबॉक्स उघडायची वेळ येऊ शकते. पहिल्यांदाच ऑटोमॅटिक घेतलेल्यांनी निदान एवढं पक्कं करावं: इंजिन ज्या चाकांना फिरवतं ती चाकं इंजिन बंद असताना रस्त्यावर लांबवर फिरू द्यायची नाहीत. चार हात बाजूला घेणं वेगळं, द्वारकापासून सातपूरच्या गॅरेजपर्यंत ओढत नेणं वेगळं.

असं का?

टॉर्क कन्व्हर्टरच्या (म्हणजे इंजिनाचा जोर तेलातून पुढे नेणाऱ्या) गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनाच्या जोरावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद. चाकं फिरत असली तर त्यांना जोडलेला शाफ्ट आणि आतले गिअर फिरत राहतात, पण त्यांच्यापर्यंत तेल पोचत नाही. दांडा न्यूट्रलला असला तरी हेच होतं. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटं होतं. चाकं आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग एकमेकांना जोडलेलेच असतात. कोरडे बुश आणि बेअरिंग तापतात, घासतात आणि त्यांचा चुरा तेलात मिसळतो. गाडी त्या दिवशी सुरू होईलही; गिअर धक्का देत पडायला लागतात ते पुढे काही आठवड्यांनी, आणि तेव्हा त्या टोचनची आठवण कुणाला राहत नाही.

धक्का स्टार्ट होत नाही त्याचंही कारण हेच. आतले क्लच तेलाच्या दाबाने पकडतात. दाब नाही तर चाकांचा जोर इंजिनापर्यंत पोचणारच नाही, कितीही माणसं लावा.

आधी आपली ऑटोमॅटिक ओळखा

ऑटोमॅटिक या एका नावाखाली चार-पाच वेगळी यंत्रं विकली जातात, आणि ओढण्याच्या बाबतीत प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. गाडी घेतानाच आपल्याकडे कोणतं आहे ते शोरूममध्ये विचारून आरसी बुकाच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवा.

एएमटी, म्हणजे मारुतीची एजीएस (वॅगनआर, सेलेरिओ, स्विफ्ट, डिझायर), टियागोची एएमटी वगैरे: हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी एक यंत्रणा करते. आतले गिअर फिरताना स्वतःच तेल उडवून घेतात, त्यामुळे खऱ्या न्यूट्रलमध्ये असली तर ती ओढायला मॅन्युअलइतकीच सहनशील. गोची फक्त 'खऱ्या न्यूट्रल'ची आहे, त्याबद्दल पुढे.

टॉर्क कन्व्हर्टर (ब्रेझा, अर्टिगा, क्रेटा डिझेल, स्कॉर्पिओ-एन, थार, एक्सयूव्ही ७००): वर सांगितलेला तेलाचा प्रश्न इथे पुरेपूर लागू.

सीव्हीटी (होंडा सिटी, अमेझ): दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा असतो आणि तो तेलाच्या दाबाने आवळलेला असतो. दाब नसताना चाकं फिरली तर पट्टा पुलीवर घसरून चरे पाडतो. लांब ओढण्याच्या बाबतीत पेट्रोल गाड्यांमध्ये सगळ्यात नाजूक हीच.

ड्युअल क्लच (व्हेन्यू टर्बो, फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.५ इंजिनाच्या गाड्या): दोन क्लच आळीपाळीने गिअर पकडतात. कंपनीप्रमाणे मर्यादा बदलते. फोक्सवॅगन ताशी ५० किलोमीटर वेग आणि ५० किलोमीटर अंतर अशी सूट देते. ह्युंदाईच्या पुस्तिकेत ऑटोमॅटिकसाठी आणीबाणीची मर्यादा ताशी १५ किलोमीटर आणि दीड किलोमीटर अंतर एवढीच आहे. एका शेजाऱ्याची गाडी टोचन करून सुखरूप पोचली म्हणून दुसऱ्याची पोचेल, असं गृहीत धरू नका. आपल्या पुस्तिकेतला टोइंगचा भाग मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड (नेक्सॉन ईव्ही, हायक्रॉस, ग्रँड विटारा हायब्रिड): इथे चाकांशी मोटर जोडलेली असते. चाकं ओढून फिरवली की मोटर वीज तयार करू लागते आणि ती वीज सांभाळणारी यंत्रणा बंद असते. फक्त फ्लॅटबेड, म्हणजे गाडी अख्खी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक; दुसरा विचार नको. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांनाही हाच नियम.

न्यूट्रल कसं करायचं

'पी'मध्ये, म्हणजे पार्किंगमध्ये, गिअरबॉक्सच्या आत एक छोटा पोलादी खटका दातेरी चाकात अडकतो आणि गाडी जागच्या जागी अडते. खटका लहान आहे. 'पी'मध्ये असलेली गाडी जोराने ढकलली किंवा क्रेनने ओढली तर तो तुटू शकतो किंवा चाकं घासटत जातात. म्हणून हलवण्याआधी 'एन', म्हणजे न्यूट्रल, हवाच.

१. हँडब्रेक ओढा. उतार असेल तर खालच्या बाजूने चाकांना दगड लावा. 'एन' झाल्यावर गाडीला धरणारं दुसरं काही उरत नाही, म्हणून हे आधी.

२. इग्निशन ऑन करा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबा. डॅशबोर्डवरचे दिवे लागले पाहिजेत.

३. ब्रेक दाबून धरा आणि दांडा 'एन'वर घ्या.

४. दांडा हलत नसेल तर बहुधा बॅटरी पूर्ण बसली आहे आणि शिफ्ट लॉक (दांडा 'पी'मध्ये अडवून ठेवणारं कुलूप) सुटत नाही. दांड्याशेजारी छोटं प्लास्टिकचं झाकण शोधा; काही गाड्यांत त्यावर 'शिफ्ट लॉक' लिहिलेलं असतं. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून झाकण उचला, आतल्या भोकात किल्ली किंवा स्क्रू ड्रायव्हर खाली दाबून धरा आणि तसंच दांडा 'एन'ला आणा. हे दोन हातांचं काम आहे, गाडी दारात उभी असताना एकदा करून पाहा.

उतारावर उभी केलेली गाडी 'पी'मधून निघत नसेल तर तिचं सगळं वजन त्या खटक्यावर आलेलं असतं. दांड्याशी झटापट करू नका. दोन-तीन जणांनी गाडी चढाच्या दिशेने जराशी रेटली की खटका मोकळा होतो. मुळात हे टाळता येतं. गाडी लावताना ब्रेक दाबलेला ठेवून 'एन'ला घ्या, हँडब्रेक ओढा, ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर येऊ द्या, मग पुन्हा ब्रेक दाबून 'पी' करा.

ज्या गाड्यांत दांड्याऐवजी बटणं किंवा गोल चकती आहे आणि हँडब्रेकही विजेचा आहे, तिथे १२ व्होल्टची बॅटरी मेली की 'एन'ही होत नाही आणि हँडब्रेकही सुटत नाही. अशा वेळी पहिलं काम बॅटरीत जीव आणणं. काही गाड्या बंद करताच आपोआप 'पी'त जातात. त्यांना 'एन'मध्ये धरून ठेवायची वेगळी रीत पुस्तिकेत दिलेली असते.

एएमटीचं खरं न्यूट्रल

एएमटीत बहुतेक 'पी' नसतोच. गाडी 'डी' (पुढे जायचं) किंवा 'आर'मध्ये (रिव्हर्स) बंद केली की गिअर अडकलेला राहतो आणि क्लचही पकडलेला. मग बॅटरी बसली तर दांडा 'एन'वर नेऊनही काही उपयोग नाही, कारण दांडा हा नुसता स्विच आहे. गिअर काढणारी यंत्रणा विजेवर चालते. वरून न्यूट्रल, आत पहिला गिअर. ढकलणाऱ्यांना वाटतं हँडब्रेक जाम झाला आहे. खूण सोपी: इग्निशन ऑन, ब्रेक दाबून दांडा 'एन'ला, आणि डॅशबोर्डवर 'एन' स्थिर दिसेपर्यंत थांबा. अक्षर लुकलुकत असेल तर गिअर निघालेला नाही. गाडी चालता चालता बंद पडली आणि बॅटरी अजून शाबूत असेल तर सगळ्यात आधी हे उरकून घ्या. हजार्ड दिवे लावून तासभर वाट पाहिल्यावर तेवढी वीज उरलेली असेलच असं नाही.

बॅटरीला उसना जीव

'ऑटोमॅटिक अडकली' म्हणून आलेल्या गाडीत अनेकदा दोष फक्त बॅटरीचा निघतो, आणि जंपर केबलने दहा मिनिटांत काम होतं. केबल जाड घ्या. स्वस्तातल्या बारीक केबल गरम होतात आणि स्टार्टर फिरत नाही. दोन्ही गाड्या बंद असताना क्रम असा: लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळ्याचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून ती बॅटरीवर नको. चांगली गाडी सुरू करून पाचेक मिनिटं चालू द्या, मग आपली सुरू करा. काढताना उलट क्रम. मदतीला हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी घेऊ नका.

एक व्यावहारिक अडचण आधीच ओळखून ठेवा. टोइंग हूक, जॅक, पाना हे सगळं डिकीच्या तळाशी असतं आणि अनेक गाड्यांची डिकी विजेच्या बटणावर उघडते. बॅटरी मेली की डिकी बंद. मागची सीट पाडून आतून हात घालावा लागतो. रिमोट किल्लीच्या पोटात लपवलेली साधी किल्ली ड्रायव्हरचं दार उघडते, तीही एकदा काढून पाहा.

ढकलताना

एक जण ड्रायव्हरच्या सीटवर हवाच, इग्निशन ऑन ठेवून. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाच्या जोरात भर घालणारी यंत्रणा, दोन-तीन दाबांनंतर संपतो. पेडल दगडासारखं लागतं, पण पूर्ण जोर लावला की ब्रेक लागतो. स्टिअरिंगही जड होतं. हे माहीत नसलेला माणूस 'ब्रेक फेल' म्हणून घाबरतो, म्हणून सीटवर बसणाऱ्याला आधी सांगा. काचा खाली, म्हणजे हाक ऐकू येईल.

हात डिकीच्या पत्र्यावर किंवा दारामागच्या खांबावर. स्पॉयलर, काच, दिवे यांवर नको. बाराशे किलोची गाडी सपाट डांबरावर एकदा चालू लागली की पंधरा-वीस किलोच्या रेट्यावर जाते. पण दहास एक चढ असेल तर तिला नुसतं तोलून धरायलाच १२० किलोच्या आसपास जोर लागतो. म्हणून तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवरून गाडी माणसांनी वर ढकलायचा विचार करू नका. मधेच दम गेला की खाली उभ्या असलेल्याला वाचवता येत नाही. चालण्याच्या वेगाने पन्नास-शंभर मीटर न्यूट्रलमध्ये ढकलल्याने ऑटोमॅटिकला काही होत नाही. वाटेतून बाजूला घ्यायला तेवढं पुरतं.

दोराने टोचन

फ्लॅटबेड मिळत असेल तर टोचन करूच नये हे आमचं स्पष्ट मत आहे. नाइलाज असेल तर एएमटी किंवा पुस्तिकेने परवानगी दिलेली गाडी, तीही जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत.

टोइंग हूक बंपरवरच्या छोट्या चौकोनी झाकणामागे फिरवून बसवतात. काही युरोपीय गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होतात. शेवटी पान्याने आवळा. अर्धवट बसलेला हूक झटक्याने सुटला तर गोळीसारखा उडतो. दोर अॅक्सलला, सस्पेन्शनच्या हाताला किंवा बंपरला बांधू नका. दोन गाड्यांमधलं अंतर नियमाने ५ मीटरपेक्षा जास्त नको. ओढलेल्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवाना असलेला माणूस आणि मागे 'ऑन टो' अशी ठळक पाटी हवी. वेग ताशी वीसच्या आसपास, तोही आपल्या पुस्तिकेची मर्यादा ओलांडत नसेल तरच. मागच्या माणसाने दोर सतत ताणलेला राहील असा हलका ब्रेक सांभाळायचा. ढिला पडून पुन्हा ताणला की झटका बसतो आणि दोर तुटतो.

कसारा, मोहदरी, राहुड किंवा सप्तशृंगीच्या घाटात दोराचं टोचन कधीही नको. उतारावर बूस्टर नसलेल्या ब्रेकवर मागची गाडी पुढच्याच्या डिकीत जाते. घाटात इंजिन बंद पडलंच तर न्यूट्रलमध्ये घरंगळत खाली यायचा मोह टाळा. पेडल एकाच दाबात धरून, पुन्हा पुन्हा न पंप करता, डोंगराच्या बाजूला थांबा, चाकांना दगड लावा, माणसांना उतरवून रस्त्याबाहेर डोंगराच्या बाजूला उभं करा, इशाऱ्याचा त्रिकोण पन्नास मीटर मागे ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा क्रमांक १०३३, जीव धोक्यात असेल तर ११२.

क्रेन आली तर

शहरात बहुधा एक टोक उचलणारी क्रेन येते. तिच्या माणसाला गाडीकडे बघून पुढची चाकं ताकदीची की मागची हे ओळखता येईलच असं नाही, सांगायचं काम तुमचं. बहुतेक लहान गाड्या आणि क्रेटा, ब्रेझा यांसारख्यांची पुढची चाकं ताकदीची: पुढून उचला, हँडब्रेक सोडा, मागची चाकं फिरू द्या. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर आणि थारच्या टू व्हील ड्राइव्हमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते. त्या पुढून उचलून नेल्या तर जे टाळायचं तेच घडतं. मागून उचलायच्या, किंवा मागच्या चाकांखाली छोट्या चाकांची डॉली लावायची. मागून उचलताना पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग बांधून घ्या.

फोनवर पत्ता सांगताना महामार्गाच्या उड्डाणपुलावर आहात की खालच्या रस्त्यावर, आणि तोंड मुंबईकडे की धुळ्याकडे, हे दोन्ही सांगा. चुकीच्या पातळीवर आलेल्या गाडीला पूल संपेपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. शिवाय गाडीचं मॉडेल, गिअरबॉक्सचा प्रकार, 'एन' झालं की नाही, हँडब्रेक सुटतो का, आणि तळघर असेल तर छताची उंची. फ्लॅटबेड तळघरात उतरत नाही. तिथे चाकांखाली ठेवायच्या ट्रॉल्या आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) हवा, आणि ते आधी सांगितलं नाही तर गाडी हात हलवत परत जाते.

फ्लॅटबेडवर चढवताना

हूक बसवा, 'एन' करा, इग्निशन ऑन ठेवा, विंचचा दोर हुकाला. बंपर खाली असलेल्या गाडीला रॅम्पच्या तोंडाशी लाकडी फळ्या टाकायला लावा. विंच ओढत असताना गाडीच्या मागे किंवा दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये. वर चढल्यावर 'पी', हँडब्रेक, आणि चारही टायरांवरून पट्टे. पट्टे सस्पेन्शनच्या भागांवरून ओढलेले दिसले तर तिथेच थांबवून बदलायला सांगा. खड्ड्यांत वाकतो तो भाग तुमचा. इग्निशन बंद करा, नाहीतर गॅरेजला पोचेपर्यंत बॅटरीही जाईल.

गोदाघाटावर पाण्यात अडकलेली गाडी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढायला लागलं की दर पावसाळ्यात रामकुंडाच्या आसपास लावलेल्या काही गाड्या पाण्यात सापडतात. पाणी ओसरल्यावर बटण दाबून बघू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. इंजिन संरक्षणाचं जोड कव्हर घेतलेलं असलं तरी पाण्यात भिजलेलं इंजिन मुद्दाम सुरू केलं तर दाव्यात अडचण येते. बॅटरीची मायनस वायर काढा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर कशालाही, विशेषतः नारिंगी वायरींना, हात लावू नका.

गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी वर एक नळी असते आणि बुडालेल्या गाडीत तिच्यातून पाणी आत जाऊ शकतं. म्हणून फ्लॅटबेडच. गॅरेजमध्ये तेल काढून बघायला सांगा. लालसर पारदर्शक तेल ठीक. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी मिसळलं आहे, आणि ते पूर्ण काढून धुऊन नवीन भरल्याशिवाय गाडी एक फूटही चालवू नये.

गाडी खाली उतरवून घेताना, कोणत्याही पद्धतीने आणली असली तरी, पावतीवर सही करण्याआधी चार गोष्टी बघा: गिअरबॉक्सखाली तेलाचा ताजा डाग, टायरांवर घासटल्याच्या सपाट खुणा, हुकाच्या आट्यांभोवती फाटलेला पत्रा, आणि दांडा 'पी'पासून 'डी'पर्यंत सहज फिरतो का. टायरवर एकाच ठिकाणी सपाट खूण असेल तर ते चाक अडकलेलं असताना ओढलं गेलं आहे. ते चाक ताकदीचं असेल तर इंजिन सुरू करण्याआधी फिटरला सांगा, म्हणजे तो 'पी'चा खटका आधी तपासेल.